चौतीस मुलींचा पट

तीन वर्षांत हारुन मास्तरांना एवढं मात्र कळून चुकलं होतं, की नाशकात दान मागायचं तर घाटासाठी मागावं, धर्मशाळेसाठी मागावं, फार तर पाणपोईसाठी मागावं. जी वस्तू रोज चारा खाते, रस्त्यावरून हिंडते आणि जिच्यावर वडिलांच्या नावाची शिळा बसवता येत नाही, तिच्यासाठी कुणापुढे हात पसरू नये. आणि मास्तरांना हवी होती ती नेमकी तसलीच वस्तू. त्यांना एक बैलगाडी हवी होती. वर छप्पर, चारी बाजूंनी जाड पडदे, आत दहा-बारा मुली दाटीवाटीने बसतील एवढी जागा, आणि ती हाकायला एक भला माणूस.

गाडी हवी होती शाळेसाठी. शाळा म्हणजे काजीपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या. घोटीच्या सरकारी शाळेत तीस वर्षं खडू झिजवून मास्तर पेन्शनीत निघाले आणि नाशकाला येऊन राहिले, तेव्हा त्यांच्या बायकोने, हुस्नबानोने, शेजारच्या चार मुलींना उर्दूची मुळाक्षरं शिकवायला घेतली. चाराच्या बारा झाल्या, बाराच्या चौतीस. मुली तिला आपा म्हणत. ती त्यांना गणित शिकवी, भूगोल शिकवी, मराठी वाचायला लावी. मोहल्ल्यात कौतुक झालं. मग मुली मोठ्या व्हायला लागल्या. मुलींना ती एक खोड असतेच.

दहावं सरून अकरावं लागलं की मुलगी घरात. शिकण्याला कुणाचा विरोध नाही, असं मास्तर हटकून सांगत आणि ते खरंही होतं. विरोध होता रस्त्याला. कथड्यातून किंवा बागवानपुऱ्यातून काजीपुऱ्यात यायचं तर वाटेत दूधबाजार, भद्रकाली, टांग्यांचा अड्डा, चहाची हॉटेलं. मुलींचे बाप म्हणत, मास्तर, आमची ना नाही, पण एवढ्या बाजारातून वाढती पोर चालवत आणायची कशी? रोज सोबत यायला त्यांना सवड नव्हती. सगळी हातावर पोट असलेली माणसं. त्यामुळे पटावर चौतीस नावं होती आणि जाजमावर अकरा मुली. नावं कमी करायला हुस्नबानो तयार नव्हती. गाडी आली की येतीलच सगळ्या, असं ती म्हणे.

त्यातही दोघांचा जीव अडकला होता तो शहनाजमध्ये. ही कथड्यातल्या अकबर कल्हईवाल्याची थोरली. हुस्नबानोच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. दोन वर्षांत शहनाज सातवीच्या फायनल परीक्षेला बसेल, पास होईल आणि आपल्यामागे शाळा चालवील, असा तिने मनाशी बेत केला होता. दुसरी कुणी त्या जोगती नव्हतीच. मुलगी हुशार म्हणजे अशी, की गणित घातलं की आपा पाटीवर ते लिहून संपायच्या आत हिचं उत्तर तयार. पण गेल्या दिवाळीला तिला अकरावं लागलं आणि अकबरने तिला घरी ठेवलं. मास्तर त्याच्याकडे गेले, तेव्हा तो भात्यापुढून उठलासुद्धा नाही, पण बोलला ते सरळ बोलला. गाडी दारात आली की त्याच दिवशी पोरगी गाडीत बसेल, ही आपली जबान. गाडी नाही, तर पोरगीही नाही.

गाडी हाकायला माणूस ठरलेला होता. घोटीचा बहिरू, मास्तरांच्या तिथल्या शेजारचा, स्वतःच्या उघड्या गाडीतून तांदळाची भाडी करायचा. वयाने पन्नाशीचा, बोलायला थोडा, बैलांना लेकरांसारखं जपणारा. तो हाकील त्या गाडीत मुली बसवायला कुणाचीच हरकत नव्हती. तो दर बाजाराला येऊन मास्तरांच्या ओट्यावर टेके आणि विचारपूस करी.

"म्या तयार हाय मास्तर," तो म्हणे. "पन बैल काय दुव्यावर जगत नाय."

तेव्हा मास्तर दाता शोधायला निघाले आणि तीन वर्षं उंबरठे झिजवत राहिले. भांडी बाजारातले एक शेठ मोठे दानशूर, त्यांची रामकुंडाकडे धर्मशाळा. त्यांनी मास्तरांना आदराने बसवलं, चहा पाजला, आणि मुली शिकल्याच पाहिजेत असं म्हणून खोली बांधून द्यायची तयारी दाखवली. खोल्या आहेत, मुली आणायला गाडी हवी, असं मास्तर म्हणाले, तर शेठ विचारात पडले. गाडीवर काय लिहिणार, मास्तर? देवळ्याचे कांद्याचे व्यापारी सावळीरामशेठ नाशकाला उतरले होते, त्यांनाही मास्तर भेटले. ते मोकळे हसले. "तुमनी गाडी चांगली शे मास्तर, पन ती रोज चारा खाई. धर्मशाळा काही खात नही," असं म्हणून त्यांनी मुलींसाठी पेढ्यांचा पुडा दिला. नगरपालिकेत इमारतीला मदत होती, फळ्याला होती, वाहनाला नव्हती. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या इनामदारांनी मशिदीचा मिनार डागडुजीला काढलेला. त्यांनी हजेरीची चौकशी केली आणि अकरा हा आकडा ऐकून तोंड वाकडं केलं. अकरा पोरींसाठी गाडी आणि बैलजोडी? तीस-पस्तीस असत्या तर गोष्ट वेगळी. देणारा भरल्या घरात देतो, मास्तर, रिकाम्या घरात टाकलेलं कुणाला दिसतं?

हे वाक्य मास्तरांच्या डोक्यात जाऊन बसलं. मुली नाहीत म्हणून गाडी हवी, आणि मुली नाहीत म्हणून गाडी नाही; या चरकातून त्यांना सुटता येईना. दर वेळी परत येताना त्यांचे गुडघे दुखत, आणि घराच्या पायरीवर बसून ते आधी वहाणा काढत, मग उसासा टाकत, मग आत जात. हुस्नबानोने हल्ली काय झालं असं विचारणं सोडून दिलं होतं. ती नुसतं पाणी आणून ठेवी. खरं सांगायचं तर मास्तर थकले होते, आणि थकलेल्या माणसाला आपली चूक दिसत नाही, वाट तेवढी दिसते.

आणि मग एकदाची वाट दिसली. मुंबईच्या एका उर्दू वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात आली. छत्र्या विकून गब्बर झालेले कुणी एक शेठ अल्लाला प्यारे झाले होते आणि मागे ट्रस्ट ठेवून गेले होते. छत्रीवाला ट्रस्ट. अंतरामुळे आणि पडद्यामुळे ज्या मुलींची शाळा सुटते, त्यांच्यासाठी बंद गाडी, बैलजोडी आणि गाडीवानाचा पगार देण्याचं ट्रस्टने योजलं होतं. मास्तरांनी त्या ओळी तीनदा वाचल्या आणि मग हुस्नबानोला वाचून दाखवल्या. तिने पुन्हा एकदा वाचायला लावल्या. तीन वर्षं ते भलत्याच दारांत उभे होते. आपलं दार हे होतं, आणि त्यावर जणू आपलंच काम लिहिलेलं होतं.

अर्ज आला. शाळा कधी स्थापन झाली, शिक्षिका कोण, पटावर मुली किती. मास्तरांनी लिहिलं, चौतीस. हे खोटं नव्हतं. हजर किती असतात, हे अर्जात कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची सवय सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला नसते. खाली कारणांच्या रकान्यात त्यांनी दोन पानं भरून रस्त्याचं, बाजाराचं आणि शहनाजसारख्या मुलींचं सगळं मनापासून लिहिलं. एवढं मनापासून त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

फेब्रुवारी निम्मा सरला, निवडणुकीचे कर्णे थंडावले आणि पत्र आलं. ट्रस्टचे चिटणीस अब्बासभाई येवला आणि नाशिक अशा दोन शाळा पाहायला येत होते. या साली गाडी एकच द्यायची होती. गुरुवारी सकाळी दहाला ते काजीपुऱ्यात पोचणार होते.

पत्र वाचून मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना घाम फुटला. अर्जात चौतीस, जाजमावर अकरा. पाहुणा म्हणेल, मास्तरांनी थाप मारली. म्हणेल, अकरा मुलींसाठी गाडी? इनामदारांचं वाकडं तोंड त्यांना आठवलं आणि तिथेच त्यांनी ठरवून टाकलं, की त्या एका दिवशी चौतीसच्या चौतीस मुली शाळेत बसल्या पाहिजेत.

मंगळवार आणि बुधवार ते दारोदार फिरले. एरवी दान मागायला जात तसेच, फक्त या वेळी आपल्याच माणसांच्या दारी. त्यांनी गाडीचं सांगितलं तेव्हा लोक नुसते मान हलवत. पण मुंबईहून पाहुणा येतोय, काजीपुऱ्याची शाळा बघायला येतोय, असं म्हटलं की चेहरे बदलत. पाहुण्यापुढे मोहल्ल्याची अब्रू म्हणजे काय चीज असते ते नाशकात सांगावं लागत नाही. एका दिवसाचा खाडा करतो, स्वतः सोबत घेऊन येतो, असं एकेक बाप कबूल होत गेला. अकबरही कबूल झाला. त्याला गुरुवारी सिन्नरच्या बाजूला जायचं होतं. त्याने तिथे निरोप धाडला.

हुस्नबानोला हे रुचलं नाही. मुली येताहेत याचा तिला आनंद होता, पण तिची हजेरीची वही होती आणि ती खरी होती. पाहुणा वही मागेल, आणि वहीत वर्षभर अकरांपुढेच रेघा. बुधवारी दुपारी मास्तर नवी कोरी वही घेऊन बसले. दोन दौती, दोन टाक, म्हणजे शाई एकसारखी दिसू नये. ती दाराशी उभी राहून बघत होती.

"मी भरलेली हजेरी तशीच राहू द्या," ती म्हणाली. "आजवर तुम्ही कुणाला खोटं दाखवलं नाहीत."

"आजवर मिळालं तरी काय?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी टाक बुडवला. आपल्या आवाजाचं त्यांनाच वाईट वाटलं. पण हात थांबला नाही.

गुरुवारी सकाळी नऊपासून मुली येऊ लागल्या. ईदच्या कपड्यांत, डोक्याला तेल, पायांत नव्या नाही तर शेजारणीकडून मागून आणलेल्या चपला. मोठ्या मुली बुरख्यात, पुढे बाप, मागे मुलगी. मागच्या खोलीत मधोमध चादर बांधून तिच्यामागे मोठ्यांना बसवलं, पुढे लहान्या. जागा पुरेना. हुस्नबानोने एकेकीचं नाव घेतलं आणि चौतीसावी 'हाजिर' म्हणाली, तेव्हा तिने चौतीस हा आकडा पुन्हा एकदा मोठ्याने म्हटला. तिला दिसत नव्हतं नीट, पण ऐकू येत होतं. त्या घटकेला, नाटक असो की काय असो, शाळा भरली होती, आणि मास्तरांनाही बाहेर ओट्यावर उभ्या उभ्या वाटून गेलं की हे असंच असायचं होतं.

बहिरूही गाडी घेऊन आला होता. पाहुणा आपली गाडीही बघायला मागेल, अशी त्याची समजूत. मास्तरांनी त्याला घाईघाईने चौक मंडईकडे पिटाळलं. गाडी दिसली तर पाहुणा म्हणेल, यांच्याकडे आहेच की गाडी. एवढी सगळी अक्कल त्या सकाळी मास्तरांना सुचली होती, आणि हवी ती नेमकी सुचली नाही.

अब्बासभाई टांग्यातून उतरले. साठीचे, सडपातळ, दाढी पांढरी, रात्रीच्या गाडीने अंग आंबलेलं. नम्र माणूस. चादरीच्या पलीकडे त्यांनी नजरही टाकली नाही. दारात चपला काढताना मात्र ते जरा वेळ वाकून उभे राहिले, आणि मास्तरांनी पाहिलं, की ते चपलांचे जोड मोजत होते. पडद्यातल्या मुली मोजायची त्यांची ती रीत असावी. मोजून झाल्यावर ते समाधानाने आत आले. मास्तरांनी मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले.

मग त्यांनी प्रश्न विचारले. लहान्यांनी पाढे म्हटले, नकाशावर गोदावरी दाखवली. त्यांनी त्रैराशिकाचं एक गणित तोंडी घातलं, तसं चादरीमागून उत्तर आलं. त्यांनी जास्त अवघड घातलं. पुन्हा उत्तर आलं, त्याच आवाजात. कुणाची मुलगी, असं त्यांनी विचारलं. दाराबाहेर बापांची गर्दी होती, तिच्यातून अकबर पुढे झाला. त्याने आज कोट घातला होता. बोटांवरची काजळी मात्र काही केल्या गेली नव्हती.

अब्बासभाईंनी त्याला शाबासकी दिली आणि सहज विचारलं, की राहायला कुठे, आणि मुलगी शाळेत येते कशी.

मास्तर बोलायला पुढे झाले. पण प्रश्न त्यांना नव्हता.

"कथड्यात राहतो साहेब. मीच आणतो तिला," अकबर म्हणाला. सगळे ऐकत होते. त्याची मान ताठ होती. "आम्ही सगळेच आणतो. आमच्या मुली आहेत, आम्ही नाही आणणार तर कोण आणणार?"

मागच्या बापांनी माना डोलावल्या. मुंबईच्या माणसासमोर, गल्लीतल्या शेजाऱ्यांसमोर, मी माझी पोर घरी बसवतो असं कोणता बाप सांगेल? मास्तरांनी ते पढवलं नव्हतं, आणि अडवायलाही त्यांना जमलं नाही.

अब्बासभाईंनी हजेरीची वही चाळली, मिटली, आणि मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले.

"मास्तरसाहेब, दिल खूश झाला. मी पंधरा गावं हिंडलो, असा मोहल्ला पाहिला नाही," ते म्हणाले. "काल येवल्यात होतो. विणकरांची वस्ती, शाळेत चार मुली. चार. तिथल्या आपा माझ्यासमोर रडल्या. गाडी आमच्याकडे एकच आहे. आता तुम्हीच सांगा, कुणाला देऊ?"

सगळी गल्ली मास्तरांच्या तोंडाकडे बघत होती. अकबर बघत होता. चादरीच्या मागे चौतीसातल्या तेवीस मुली होत्या, त्यांच्यात शहनाज होती, आणि तिच्या शेजारी हुस्नबानो उभी होती. मास्तरांनी खरं सांगितलं असतं तर त्या क्षणी सगळे बाप पाहुण्यासमोर उघडे पडले असते, तेही मास्तरांच्याच विनवणीवरून कामाचा खाडा करून आलेले. शेवटी ते एवढंच म्हणाले, की आपण जाणते आहात.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि हात नुसता दाखवला नव्हता, मेंदी लावून दाखवला होता.

टांग्याच्या अड्ड्यापर्यंत मास्तर पोचवायला गेले. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांनी अब्बासभाईंना सगळं सांगितलं. अकरा मुली, नवी वही, दोन दौती, सगळं. सांगताना त्यांना हुंदका आला नाही, नुसता थकवा आला. अब्बासभाईंनी टांग्याच्या दांडीला हात टेकला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला इथे येताना रिकाम्या खोलीची आस होती, मास्तरसाहेब," ते म्हणाले. "रिकामी खोली बघायलाच मी हिंडतो. तुम्ही अर्जात काय सुंदर लिहिलं होतं. तो अर्ज वाचून मीच नाशिकचं नाव सुचवलं होतं." मग ते टांग्यात चढले. "हजेरीच्या वहीची नोंद मला अहवालात करावीच लागते; आता मी अकरा लिहिलं तर कमिटी विचारील, वहीत चौतीस कसे? मग गाडी तर नाहीच, तुमच्या शाळेचं नावच कायमचं कटेल. जे पाहिलं तेच लिहितो. त्यातच तुमची इज्जत आहे."

टांगा नाशिक रोडकडे निघाला. मास्तर घरी आले ते चौक मंडईवरून. बहिरू तिथे बैलांना पाणी पाजत होता. त्याने ऐकून घेतलं, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि येवल्याच्या पोरींना तरी गाडी झाली, असं म्हणाला. त्याच्या मनात आडपडदा नव्हता. मास्तरांनाही तसं म्हणता यावं असं वाटलं, पण जमलं नाही.

पुढचे चार दिवस एक नवल घडलं. बाप मुलींना खरोखरच आणू लागले. चारचौघांत पाहुण्याने पाठ थोपटली होती, ती शाबासकी कुणाला लगेच उतरवून ठेवता येईना. शुक्रवार सुटीचा, पण शनिवारी एकोणतीस मुली आल्या. रविवारी सव्वीस. हुस्नबानोने जुनी वही काढली आणि खऱ्या रेघा ओढल्या. अकबर चारही दिवस आला. कोट घालून आला, पोरीला सोडून धावत गेला, दुपारी धावत परत आला. मास्तरांना वाटलं, अल्ला एक दार लावतो तेव्हा... आणि त्यांनी तो विचार पुरा केला नाही. एवढ्या वर्षांत त्यांना आपला स्वभाव माहीत झाला होता.

बुधवारी सतरा आल्या. मग तेरा. लग्नसराई तोंडावर आली होती, आणि लग्नाआधी घरोघरची भांडी कल्हईला निघतात. कल्हईवाल्याचे वर्षातले कमाईचे दिवस तेच. अकबर भाता बांधून सटाण्याकडे गेला. बागवान पहाटेच मळ्यांवर जाऊ लागले. कुणी मुद्दाम मुलगी बंद केली नाही. नुसतं एकेक दिवस जमलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा अकरा झाल्या. त्याच सुमाराला ट्रस्टकडून एक पार्सल आलं. आत काचेत मढवलेलं प्रशस्तिपत्र होतं, उत्कृष्ट उपस्थितीबद्दल, सोनेरी अक्षरांत. हुस्नबानोने ते हाताने चाचपून पाहिलं आणि भिंतीला लावायला सांगितलं. परत पाठवा म्हणायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

चैत्रातल्या एका सकाळी मास्तर ओट्यावर बसले होते. अकबर येताना दिसला. खांद्यावर भाता नव्हता. दोन्ही हातांवर त्याने एक पाटी आडवी धरली होती, आणि भद्रकालीच्या एवढ्या गर्दीतून तो अंग चोरून चालत होता. काखेत तीन पुस्तकं दाबलेली. जवळ आल्यावर त्याने पुस्तकं ओट्यावर ठेवली. पाटी ठेवली नाही.

ही शाळेची पुस्तकं, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील, असं तो म्हणाला. मास्तरांनी बस म्हटलं. तो बसला नाही.

"मास्तर, येवल्याला गेलो होतो कामाला," तो म्हणाला. "गाडी पाहिली. हिरवे पडदे आहेत. आत पोरी हसत होत्या."

त्याने हातांवरची पाटी जरा सावरली.

"त्या दिवशी मी तसं बोललो नसतो, तर ती इथे आली असती."

"अरे, तुला मीच बोलावलं होतं अकबर. चूक माझी."

"तुम्ही यायला सांगितलं होतं," अकबर म्हणाला. "बोलायला नव्हतं सांगितलं."

मास्तरांना त्याच्याकडे बघवेना. इतक्या दिवसांत त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेऊन ठेवला होता आणि त्यात त्यांना एक प्रकारची सोयही झाली होती. या माणसाने त्यातला अर्धा मागून घेतला. त्यांना फार वाईट वाटलं. आपण त्याला इथे बोलावून आणून, कोट घालायला लावून, त्याच्याच तोंडून त्याच्या पोरीची शाळा बंद करवली, हे त्यांना आज प्रथम पुरतं कळलं.

अकबरने पाटी पुढे केली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बारीक, सरळ आकडे होते. कथड्यापासून इथपर्यंत त्यातला एक पुसला गेला नव्हता.

"पुस्तकातलं शेवटचं गणित आहे म्हणते," तो म्हणाला. "बरोबर आलं का, तेवढं विचारून या म्हणाली. मला त्यातलं काही कळत नाही. घरी जाऊन सांगायचंय."

मास्तरांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटाने, पण बोट न टेकवता, वाचत गेले. बराच वेळ लागला. अकबर पाटी जराही हलू न देता उभा होता.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

"नीट बघितलंत ना?"

मास्तरांनी त्याच्यासाठी पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितलं.

"बरोबर आहे. सांग तिला."

अकबरने मान हलवली, पाटी पुन्हा तशीच दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि तो आल्या वाटेने निघाला. आतून हुस्नबानोने कोण आलं होतं म्हणून विचारलं. मास्तरांनी तिन्ही पुस्तकं मांडीवर ओढून घेतली आणि ते तिला मोठ्याने म्हणाले, की कुणी नाही, एक जण पुस्तकं द्यायला आला होता.